रिटायर फौजीला गावाकडं घर बांधायचंय? होम लोनची सुरुवात बँकेतून करू नका, सातबाऱ्यापासून करा

सातारा, सांगली, कोल्हापूर पट्ट्यात फौजीची कमी नाही. अपशिंगे मिलिटरी किंवा सैनिक टाकळी यांचं तर नावातच सगळं आलं, पण साध्या हजार उंबऱ्याच्या गावातसुद्धा दहा-बारा रिटायर माणसं सहज निघतात, आणि पेन्शनीवर आला की प्रत्येकाच्या डोक्यात पहिलं काम एकच, गावात आपलं स्वतःचं स्लॅबचं घर. मग तो थेट बँकेत जातो, मॅनेजर म्हणतो पेन्शन आहे ना मग काही अडचण नाही, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणा, फाईल करू. फाईल होते, प्रोसेसिंग फी भरली जाते, महिना-दोन महिने जातात आणि मग वकिलाचा सर्च रिपोर्ट येतो की टायटल क्लिअर नाही, म्हणजे मालकीचे कागद स्वच्छ नाहीत.

गावाकडं फौजीचं होम लोन पेन्शनमुळं फार क्वचित अडतं. पेन्शन सरकारी आहे, दर महिन्याला येते, वर्षातून दोनदा महागाई भत्ता वाढतो, बँकेला अजून काय पाहिजे. अडतं ते जमिनीच्या कागदावर. म्हणून खाली जो क्रम लिहिलाय तो मुद्दाम उलटा आहे, आधी जमीन, मग तुमचे स्वतःचे कागद, मग पैशाचा हिशोब आणि बँक सगळ्यात शेवटी.

पायरी १: घर नेमकं कोणत्या जागेवर बांधणार ते ठरवा

गावात जागा साधारण तीन प्रकारची असते आणि प्रत्येकीचं लोनचं गणित वेगळं.

पहिली, शेतजमीन. "माझंच रान आहे, रस्त्याकडंला आहे, तिथंच बंगला बांधतो" हे सगळ्यात जास्त ऐकू येतं. बँक इथं नाही म्हणते आणि लोकांना वाटतं मॅनेजर आडमुठा आहे. तसं नाही. कर्ज थकलं तर बँक ज्या कायद्यानं कोर्टात न जाता तारण ताब्यात घेते तो २००२ चा सरफेसी कायदा, आणि त्याच्या कलम ३१ मध्ये स्पष्ट आहे की शेतजमिनीवरच्या तारणाला हा कायदा लागू नाही. म्हणजे शेतीच्या सातबाऱ्यावर दिलेलं होम लोन बुडालं तर बँकेच्या हातातलं मोठं हत्यारच गेलं. म्हणून आधी एनए, म्हणजे जमीन बिनशेती करून घ्यायची.

आता एनए म्हटलं की लोकांना कलेक्टर ऑफिसचे हेलपाटे आठवतात, पण एक सोय बऱ्याच जणांना माहीतच नसते. तुमची जमीन गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड प्रमाणे वेगळी बिनशेती परवानगी लागत नाही. तहसीलदारांकडं अर्ज करायचा, ते हद्द तपासून किती पैसे भरायचे ते कळवतात, पैसे भरले की सनद मिळते. ती सनद बँकेला चालते. मात्र २०० मीटर हे पावलानं मोजून सांगू नका, गावचा नकाशा घेऊन खात्री करा, कारण गट मोठा असला की अर्धा आत आणि अर्धा बाहेर असं होतं आणि घर नेमकं बाहेरच्या तुकड्यात येतं.

दुसरी, गावठाणातली जागा, म्हणजे जुन्या घराची, वाड्याची. इथं लोक ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा घेऊन बँकेत जातात. ध्यानात घ्या, नमुना ८ म्हणजे घरपट्टी कोण भरतो त्याची नोंद, मालकीचा पुरावा नव्हे. वर्षानुवर्षं गावठाणात मालकीचा कागदच नव्हता, म्हणून मोठ्या बँका गावठाण म्हटलं की हात वर करायच्या. आता स्वामित्व योजनेत (एप्रिल २०२० ला सुरू झाली) ड्रोननं मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळायला लागल्यात. तुमच्या गावची मोजणी झाली असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून मिळकत पत्रिका आणि सनद दोन्ही काढा, त्यावर नाव, क्षेत्र, चतुःसीमा बरोबर आहेत का ते बघा. आजोबांच्या नावानं आली असेल तर आधी वारस नोंद. मिळकत पत्रिका नसेल तर लोन मिळतच नाही असं नाही, काही हाउसिंग फायनान्स कंपन्या नमुना ८ आणि जुन्या खरेदीखतावर देतात, पण व्याज चढं असतं. माझं मत विचाराल तर मिळकत पत्रिकेसाठी सहा महिने थांबलेलं परवडतं, वीस वर्षं दोन-तीन टक्के जास्त व्याज भरलेलं नाही परवडत.

तिसरी, विकत घेतलेला प्लॉट. इथं एनए ऑर्डर, मंजूर लेआउट आणि प्लॉटला येणारा रस्ता नकाशात दाखवलेला आहे का, एवढं बघितल्याशिवाय इसार देऊ नका. गुंठा-दोन गुंठे पाडून विकलेले "एनए होणारच आहे" वाले प्लॉट म्हणजे डोकेदुखी. तुकडेबंदीचे नियम अलीकडं बरेच बदललेत, पण ज्या प्लॉटचा स्वतंत्र सातबारा किंवा मिळकत पत्रिका तुमच्या नावावर होऊ शकत नाही त्यावर बँक लोन देणार नाही हे पक्कं. विकणारा ओळखीचा असो, पाहुणा असो, माजी सैनिक असो, कागद तोच.

आणि खास फौजींसाठी एक वेगळा सापळा. पूर्वी शासनानं माजी सैनिकांना, शहिदांच्या कुटुंबांना जमिनी दिल्या, त्या बऱ्याचशा भोगवटादार वर्ग २ च्या आहेत. सातबाऱ्यावरच तसं लिहिलेलं असतं. त्या जमिनीची विक्री जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय होत नाही आणि ज्या कामासाठी दिली (म्हणजे शेती) त्याच्या बाहेर वापर केला तर शर्तभंग होतो. वडिलांना मिळालेल्या अशा जमिनीत घर बांधायचं असेल तर आधी तहसीलला जाऊन नजराणा (सरकारला भरायची रक्कम) भरून वर्ग १, म्हणजे पूर्ण मालकीची, होतंय का, किंवा वापर बदलाची परवानगी मिळतेय का ते बघा. त्याशिवाय एक वीटसुद्धा लावू नका. अशीच जमीन कोणी माजी सैनिक तुम्हाला विकत असेल तर परवानगीचा आदेश हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

पायरी २: सातबारा नीट वाचा, विशेषतः "इतर हक्क"

डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या साइटवर १५ रुपयांत मिळतो, तलाठ्याची (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात अजून तलाठीच म्हणतात) वाट बघायची गरज नाही. सातबारा, आठ अ आणि मागचे फेरफार काढा आणि शांतपणे वाचा.

एक नेहमीचं उदाहरण सांगतो. तीन भाऊ, गट एकच, सातबाऱ्यावर तिघांची नावं आणि शिवाय दोन बहिणींची. मधला भाऊ फौजेत. धाकट्यानं सोसायटीचं पीक कर्ज घेतलंय, त्याचा बोजा "इतर हक्क" या रकान्यात चढलाय. तोंडी वाटणी वडील असतानाच झालेली, प्रत्येकजण आपापला तुकडा कसतो, भांडण काही नाही. तरी बँकेच्या नजरेत फौजीच्या नावावर स्वतंत्र असं काहीच नाही, आणि जे आहे त्यावर दुसऱ्याचं कर्ज आहे. फौजीला वाटतं आमच्यात सगळं मिळून मिसळून आहे, वकील लिहितो "अविभक्त हिस्सा, बोजा आहे, तारणास अयोग्य".

यातून बाहेर यायचा रस्ता आहे, फक्त वेळ लागतो. एकतर तहसीलदारांकडं कलम ८५ खाली वाटपाचा अर्ज, सगळ्यांची संमती असेल तर हे सोपं जातं. किंवा घरापुरत्या जागेसाठी बाकीच्यांनी तुमच्या नावानं हक्कसोड पत्र करून द्यायचं. हक्कसोड पत्र वडिलोपार्जित मिळकतीत जवळच्या नात्यात नाममात्र मुद्रांकावर होतं, पण ते दुय्यम निबंधकाकडं रजिस्टर झालंच पाहिजे. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला कागद बँकेला चालत नाही, फेरफारालाही चालत नाही. बहिणींना विचारायलाच नको असं समजू नका, २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं तो अजून पक्का केला. बहिणींना मानानं बोलवा, त्यांना जे द्यायचं ते आधी बोला, मग रजिस्टर ऑफिसला न्या. सहीच्या दिवशी पहिल्यांदा विषय काढला तर पुढचं काय ते तुम्हालाच माहीत. आणि हे सगळं सुट्टीवर आला असताना उरकायचं असेल तर पंधरा दिवसांची सुट्टी पुरत नाही, रिटायरमेंटच्या वर्षभर आधीपासून सुरुवात करा.

पायरी ३: नाव. एकच नाव सगळीकडं

हे इतकं छोटं आहे की कोणी मनावर घेत नाही. फौजेत भरती होताना शाळेच्या दाखल्यावरून नाव लागलं, सातबाऱ्यावर तलाठ्यानं वेगळं लिहिलं, आधारवर तिसरंच. पीपीओत "तुकाराम धोंडी", सातबाऱ्यावर "तुकाराम धोंडीराम", आधारवर आडनाव पुढं. बायकोचं तर विचारूच नका, पीपीओत माहेरचं नाव आणि बाकी सगळीकडं सासरचं. बँकेचं सॉफ्टवेअर हे सगळे वेगळे लोक समजतं.

अजून नोकरीत असाल तर युनिटमधूनच पार्ट टू ऑर्डर (नोंदीतला बदल कळवणारा आदेश) काढून दुरुस्ती करून घ्या, ते सगळ्यात सोपं. रिटायर झाला असाल तर आपापल्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करावा लागतो, मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांना बेळगाव, बाकीच्यांना ज्याचं त्याचं. मग ती दुरुस्ती स्पर्शवर (संरक्षण खात्याचं पेन्शनचं पोर्टल) दिसते का ते बघा. ई-पीपीओ स्पर्शच्या लॉगिनमधून डाउनलोड होतो, त्यात जन्मतारीख, बायकोचं नाव, मुलांची नावं सगळं तपासा. हे लोनसाठी तर लागतंच, पण उद्या फॅमिली पेन्शन सुरू व्हायच्या वेळी हेच नाव वहिनींना ऑफिसांच्या पायऱ्या झिजवायला लावतं.

बाकी कागद नेहमीचे: डिस्चार्ज बुक, माजी सैनिक ओळखपत्र, पीपीओ, पेन्शन खात्याचं वर्षाचं स्टेटमेंट, पॅन, आधार. दुसरी नोकरी करत असाल, मेस्कोमधून (माजी सैनिकांचं राज्याचं महामंडळ) सिक्युरिटी किंवा डीएससी (डिफेन्स सिक्युरिटी कोअर) किंवा बँकेत गार्ड, तर त्याच्या पगाराच्या स्लिपा आणि फॉर्म १६.

सिबिल आधीच बघून ठेवा. चारही क्रेडिट कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. फौजींच्या रिपोर्टमध्ये नेहमी सापडणारी गोष्ट म्हणजे कुठल्यातरी भावाला, मित्राला, कोर्समेटला दिलेली गॅरंटी. तो हप्ते थकवतो आणि डाग तुमच्या नावावर.

पायरी ४: पैशाचा हिशोब, आणि सगळं एकदम घरात घालू नका

रिटायर होताना हातात एकदम रक्कम येते, ग्रॅच्युइटी, कम्युटेशन (पेन्शनचा काही भाग विकून मिळणारी रक्कम), पीएफ (जवानांचा एएफपीपी, अधिकाऱ्यांचा डीएसओपी), ग्रुप इन्शुरन्सची मॅच्युरिटी. एवढे पैसे एकत्र आयुष्यात पहिल्यांदाच दिसतात आणि घरचे, पाहुणे, प्लॉटवाले, गाडीवाले सगळ्यांना त्याचा वास लागतो. इथं दोन टोकाची माणसं दिसतात. एक म्हणतो कर्ज नकोच, सगळे पैसे घरात घालतो, आणि मग पोराच्या इंजिनिअरिंगच्या फीला पर्सनल लोन काढतो तेरा-चौदा टक्क्यांनी. दुसरा पैसे तसेच ठेवून जास्तीत जास्त लोन काढतो. मला मधला रस्ता पटतो, म्हणजे घराच्या खर्चाचा साधारण निम्मा भाग आपला, निम्मा लोन, आणि किमान दोन वर्षांचा घरखर्च एफडीत वेगळा, त्याला हात लावायचा नाही.

बँकेची कमाल मर्यादा रिझर्व्ह बँकेनं ठरवलीय: ३० लाखांपर्यंतच्या लोनला किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के, त्यावर ७५ टक्के. ही कमाल आहे, बँक तेवढं देईलच असं नाही. आणि किमतीत स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन धरत नाहीत (१० लाखांपर्यंतचं घर सोडून), ते खिशातून.

हप्त्याचं गणित सोपं आहे. ८ टक्के व्याज धरलं तर लाखाला २० वर्षांसाठी महिन्याला सुमारे ८३६ रुपये आणि १५ वर्षांसाठी सुमारे ९५६. म्हणजे १५ लाखांचं लोन २० वर्षांत फेडलं तर हप्ता साडेबारा हजार आणि एकूण व्याज १५ लाखांच्या वर, म्हणजे मुद्दलाइतकंच. तेच १५ वर्षांत फेडलं तर हप्ता १४,३००च्या आसपास आणि व्याज पावणेअकरा लाख. महिन्याला अठराशे जास्त भरले की सव्वाचार लाखांच्या वर वाचतात.

आता पेन्शनीवर किती मिळेल? समजा हातात ३० हजार पेन्शन येते. बँका साधारण निम्म्याच्या आत सगळे हप्ते बसवतात, म्हणजे गाडीचा, सोन्याचा, सगळे धरून. १३ हजारांचा हप्ता बसला तर २० वर्षांसाठी साडेपंधरा लाखांच्या आसपास लोन होतं. फौजीचा इथं एक फायदा आहे जो सिव्हिल पेन्शनरला नाही. शिपाई, नाईक, हवालदार चाळिशीच्या आतबाहेर घरी येतो, त्यामुळं परतफेडीची मुदत लांब मिळते. कुठं वयाच्या ७० पर्यंत, कुठं ७५ पर्यंत देतात, विचारून घ्या. पण मुदत मिळते म्हणून घ्यायचीच असं नाही.

कम्युटेशनबद्दल एक गोष्ट. फौजेत पेन्शनचा ५० टक्क्यांपर्यंत भाग विकता येतो, तो १५ वर्षांनी परत सुरू होतो, आणि महागाई भत्ता मात्र पूर्ण मूळ पेन्शनवरच मिळत राहतो. म्हणजे आज हातात कमी दिसणारी पेन्शन पंधराव्या वर्षी एकदम उडी मारते. लोन १५ वर्षांपेक्षा लांब असेल तर त्या उडीच्या वेळी उरलेलं मुद्दल फेडायचा बेत आत्ताच करून ठेवा.

नोकरीत असणाऱ्यांसाठी: आर्मी ग्रुप इन्शुरन्सचा हाउस बिल्डिंग ॲडव्हान्स आणि पीएफमधून घरासाठी पैसे काढणं, दोन्ही सर्व्हिसमध्ये असेपर्यंतच. बाहेर पडलात की ते दार बंद.

पायरी ५: आता बँक

मगच बँक. आणि एकाच बँकेत नाही, किमान तीन ठिकाणी विचारा. पेन्शन जिथं येते ती, तालुक्याची एखादी दुसरी सरकारी बँक, आणि तुलनेसाठी एखादी हाउसिंग फायनान्स. स्टेट बँकेचं "शौर्य" नावाचं होम लोन खास फौजींसाठीच आहे, इतर सरकारी बँकाही डिफेन्सवाल्यांना प्रोसेसिंग फीत किंवा व्याजात सूट देतात. गावच्या शाखेत याची माहिती नसते बऱ्याचदा, काउंटरवरचा पोरगा साधंच लोन टाकून देतो. "डिफेन्स पेन्शनर स्कीममध्येच टाका" असं स्पष्ट म्हणायचं आणि सँक्शन लेटरवर स्कीमचं नाव बघायचं.

कोणत्याही बँकेकडून सही करण्याआधी "की फॅक्ट स्टेटमेंट" (लोनच्या मुख्य अटी आणि खर्चाचा कागद) मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेनं ते सक्तीचं केलंय. त्यात वार्षिक टक्केवारी म्हणजे एपीआर असते, फी-बी सगळं धरून खरा दर किती पडतो तो आकडा. तीन बँकांचे तीन एपीआर शेजारी ठेवले की जाहिरातीतला दर विसरायला होतं.

व्याज बहुतेक फ्लोटिंगच असेल. रेपोला (रिझर्व्ह बँकेचा बँकांसाठीचा दर) जोडलेलं घ्या, म्हणजे दर उतरला की जास्तीत जास्त तीन महिन्यांत तुमचाही उतरतो. फ्लोटिंगच्या होम लोनला आधी पैसे भरल्याबद्दल दंड नाही, वर्षाला महागाई भत्त्याचा फरक आला की तो मुद्दलात टाकायची सवय लावा. दर चढला तर बँक हप्ता तोच ठेवून गुपचूप मुदत वाढवते, तसं न करता हप्ता वाढवून घ्यायचा पर्याय तुम्हाला द्यायला बँक बांधील आहे, लेखी मागा.

काही बँका लिहून घेतात की लोन फिटेपर्यंत पेन्शनचं खातं दुसरीकडं हलवणार नाही. यामागं कारण आहे, १८७१ च्या पेन्शन कायद्यानं पेन्शनवर कोर्टाची जप्ती येत नाही, आणि स्पर्शमुळं आता पेन्शनर स्वतः खातं बदलू शकतो, म्हणून बँक जपून असते. सही करायला हरकत नाही, पण काय लिहिलंय ते वाचून.

सहकारी बँक किंवा पतसंस्था "कागद बघत नाही, आठवड्यात पैसे" म्हणत असेल तर ते सोय म्हणून नको, धोका म्हणून बघा. ज्यानं कागद बघितले नाहीत तो व्याज बघून घेतो.

पायरी ६: बांधकाम परवानगी, जी गावात कोणी घेत नाही

ग्रामीण भागात १,६०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर घर बांधायला ग्रामपंचायतीची वेगळी परवानगी लागत नाही, मालकीचे कागद, नकाशा आणि परवानाधारक इंजिनिअरचं सर्टिफिकेट सादर करून शुल्क भरलं की झालं. ३,२०० पर्यंत ग्रामपंचायतच परवानगी देते, नगररचनाकाराकडं जावं लागत नाही. हे ऐकून लोक नकाशाच काढत नाहीत. अहो, ग्रामपंचायतीला लागत नसेल, बँकेला लागतो. इंजिनिअरनं सही केलेला नकाशा, खर्चाचं एस्टिमेट आणि ग्रामपंचायतीत सादर केल्याची पोच, या तीन गोष्टींशिवाय बांधकामाचं लोन पुढं सरकत नाही.

आणि बांधकामाचं लोन एकरकमी मिळत नाही. आधी तुमचा हिस्सा घालायचा, मग जोत्यापर्यंत काम आलं की एक हप्ता, स्लॅब पडला की दुसरा, गिलावा-फरशीला तिसरा. प्रत्येक वेळी बँकेचा माणूस येऊन फोटो काढतो. गवंड्याला हे माहीत नसतं, तो स्लॅबच्या आधी सळई-सिमेंटचे पैसे मागतो आणि बँक म्हणते स्लॅब दाखवा. हा मधला आठ-पंधरा दिवसांचा खड्डा भरायला एका स्लॅबपुरते पैसे हाताशी वेगळे ठेवा, नाहीतर पावसाळ्याच्या तोंडावर सेंट्रिंग तसंच उभं राहतं आणि त्याचं भाडं चढत जातं. नकाशात दोन खोल्या आणि प्रत्यक्षात हौसेनं काढलेला वरचा मजला असं केलं तर पुढचा हप्ता अडतो, हौस आधीच नकाशात काढा.

हप्ते सुरू होण्याआधी घेतलेल्या रकमेवर नुसतं व्याज लागत राहतं. काम जितकं रेंगाळेल तितकं ते वाढतं.

पायरी ७: विमा, कारण तुमच्या माघारी पेन्शन कमी होते

हा भाग वहिनींना शेजारी बसवून वाचा. पेन्शनर गेला तर वाढीव दरानं फॅमिली पेन्शन सात वर्षं, किंवा तो ६७ वर्षांचा झाला असता तोपर्यंत, यातलं जे आधी येईल तेवढंच मिळते. त्यानंतर शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. साडेबारा हजारांचा हप्ता मात्र तोच राहतो. म्हणून लोनच्या रकमेइतका टर्म विमा पाहिजेच. पण बँकेत टेबलावर सरकवलेलाच घ्यायचा अशी सक्ती नाही. बँकेचा एकरकमी प्रीमियम बऱ्याचदा लोनमध्येच मिसळतात आणि त्यावर वीस वर्षं व्याज भरता. बाहेरून टर्म प्लॅनचा भाव काढा आणि मग ठरवा. डिफेन्स पॅकेजच्या खात्यावर फुकट मिळणारा लाखोंचा विमा असतो त्यावर विसंबू नका, तो बहुतेक अपघाताचा असतो, त्यात हार्ट अटॅकला काही मिळत नाही.

वहिनींचं नाव मिळकतीत लावणार असाल तर त्या सहकर्जदारही होतात. तयार घर किंवा फ्लॅट फक्त बाईच्या नावावर घेतला तर महाराष्ट्रात स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट आहे, नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतला तर नाही. रजिस्ट्रेशन फी एक टक्का, कमाल ३० हजार.

टॅक्सचं थोडक्यात: राहत्या घराच्या व्याजाची दोन लाखांपर्यंतची वजावट फक्त जुन्या करप्रणालीत आहे. बहुतेक जवानांना नव्या प्रणालीत तसाही टॅक्स बसत नाही, त्यामुळं "टॅक्स वाचतो म्हणून लोन घ्या" म्हणणाऱ्याकडं लक्ष देऊ नका.

घर झाल्यावर

घरपट्टी भरत बसू नका. बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक व शहीद सन्मान योजनेत माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना एका घराची घरपट्टी माफ आहे, २०२० पासून. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला घेऊन ग्रामपंचायतीत अर्ज द्यायचा. ग्रामसेवक "असं काही आलेलं नाही" म्हणाला तर शासन निर्णयाची प्रत सोबत न्या आणि अर्जाची पोच घ्या.

लोन फिटल्यावर बँकेनं ३० दिवसांत मूळ कागद परत दिले पाहिजेत, उशीर बँकेच्या चुकीनं झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची, हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. कागद घेताना यादी करून एकेक मोजून घ्या, मूळ खरेदीखत किंवा हक्कसोड पत्र, सूची दोन, सनद, नकाशा. नो ड्यूज सर्टिफिकेट घेतलंत की त्याची एक प्रत लगेच तलाठ्याकडं (मिळकत पत्रिका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात) देऊन सातबाऱ्यावरचा किंवा मिळकत पत्रिकेवरचा बँकेचा बोजा कमी करायचा अर्ज टाका, बँक हे स्वतःहून करत नाही, आणि महिन्याभरानं नवा उतारा काढून "इतर हक्क"चा रकाना रिकामा झालाय का ते बघा.